ट्रान्सलेशनल बायोइन्फर्मेटिक्स : प्रत्यक्ष काम काय असतं, आणि त्यासाठी काय यावं लागतं

दगडीपूल

जीवशास्त्र आणि आयटी यांच्या मधोमध असलेल्या या क्षेत्राबद्दल दोन प्रश्न कायम येतात. बायोटेकची मुलं विचारतात, कोडिंग किती यायला हवं? कॉम्प्युटरची मुलं विचारतात, जीवशास्त्र किती? कोर्सची यादी देऊन याचं उत्तर मिळत नाही. म्हणून एकच जनुक घेतो आणि त्यावर काम करताना काय काय लागतं ते मांडतो. जनुक आहे एचबीबी, म्हणजे हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी बनवणारं.

हेच का? लहान आहे, साधारण १६०० बेसचं (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), तीन एक्झॉनचं (एक्झॉन म्हणजे आरएनएत शेवटी टिकणारा तुकडा). सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया हे दोन्ही आजार यातल्याच बदलांमुळे होतात. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, उल्हासनगरसारख्या ठिकाणच्या सिंधी कुटुंबांत थॅलेसेमिया आहे. आणि या क्षेत्रात जितक्या प्रकारच्या चुका होतात, त्या बहुतेक सगळ्या या १६०० बेसमध्ये पाहायला मिळतात.

ट्रान्सलेशनल या शब्दाचा अर्थ इथे भाषांतराशी जोडू नका. प्रयोगशाळेतलं ज्ञान रुग्णाच्या उपचारापर्यंत पोचवणं, असा तो आहे. तुमच्या फाइलमधल्या एका ओळीवरून एखादं जोडपं गर्भजल तपासणी करायची की नाही ते ठरवतं. म्हणून ती ओळ कशी आली हे शेवटपर्यंत सांगता आलं पाहिजे.

सुरुवात पत्त्यापासून. सिकलसेलचा बदल, डेटाबेसातल्या नावाने आरएस३३४, ११व्या गुणसूत्रावर आहे. जीआरसीएच३७ या जुन्या संदर्भ जीनोमवर त्याचं स्थान ५२४८२३२, तर २०१३ च्या जीआरसीएच३८ वर ५२२७००२. फरक २१,२३० बेसचा. कोणती आवृत्ती ते न पाहता स्थान टाकलं तर बहुतेकदा एरर येत नाही, नुसतं रिकामं उत्तर येतं, आणि रिकामं उत्तर नवख्याला "रुग्णात बदल नाही" असं वाटतं. सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच.

दुसरी अडचण दिशेची. एचबीबी उलट्या धाग्यावर वाचलं जातं. पुस्तकात बदल "ए चा टी" लिहिलेला असतो, व्हीसीएफ फाइलमध्ये (सापडलेल्या बदलांची यादी) तोच "टी चा ए" दिसतो. दोन्ही बरोबर.

तिसरी नावाची. जुन्या लिखाणात तो "६व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन" असा आहे, आजच्या एचजीव्हीएस पद्धतीत ७व्या स्थानी. पूर्वी सुरुवातीचं मेथिओनिन मोजत नसत, आता मोजतात. हिमॅटॉलॉजीचे डॉक्टर आजही ६ म्हणतात. अहवालात दोन्ही नावं लिहावीत.

कळफलक

चर्चेचा धागा उत्तम. आयटीकडून येणाऱ्यांसाठी एक भर. बेड फाइल (जीनोममधल्या हव्या त्या भागांची यादी) शून्यापासून मोजते आणि शेवटचं स्थान धरत नाही. व्हीसीएफ एकपासून मोजते. म्हणजे वरचा बदल व्हीसीएफमध्ये ५२२७००२, पण बेडमध्ये सुरुवात ५२२७००१ आणि शेवट ५२२७००२. शिवाय काही फाइलींत गुणसूत्राचं नाव नुसतं "११" असतं, काहींत "सीएचआर११". जुळलं नाही की पुन्हा तेच रिकामं उत्तर.

आता प्रश्न. पायपलाइन, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या प्रोग्रॅमची साखळी, लिहिणं आम्हाला अवघड नाही. फास्टक्यूपासून (यंत्रातून आलेली कच्ची फाइल) व्हीसीएफपर्यंत सगळं तयार मिळतं. मग जीवशास्त्र न येता नेमकं कुठे अडतं?

निळीशाई

@कळफलक, फाइल तयार झाल्यानंतर. तिथून पुढे गाळणी लागते, आणि गाळणी लावायला जीवशास्त्रच लागतं.

आधी नेहमीचा मार्ग लिहिते. फास्टपीने अ‍ॅडॉप्टर काढणं, बीडब्ल्यूए-मेमने रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) संदर्भाशी जुळवणं, सॅमटूल्सने क्रमवार लावणं, डुप्लिकेट रीड्सवर खूण करणं, मग हॅप्लोटाइपकॉलर किंवा डीपव्हेरियंटने बदल शोधणं, बीसीएफटूल्स नॉर्मने ते एका रूपात आणणं, व्हीईपीने अर्थ लावणं. पूर्ण जीनोममध्ये ४० ते ५० लाख बदल निघतात. एवढे कुणी वाचू शकत नाही, म्हणून गाळायचे.

व्हीईपी प्रत्येक बदलाला परिणामाची श्रेणी देतं : हाय, मॉडरेट, लो, मॉडिफायर. नवशिका हाय आणि मॉडरेट ठेवतो, बाकी टाकतो. वरवर पाहता यात काही चूक वाटत नाही.

आता भारतात बीटा थॅलेसेमियाचा सगळ्यात जास्त आढळणारा बदल पाहा : आयव्हीएस १-५, आजच्या नावाने सी.९२+५जी>सी. पहिला एक्झॉन संपल्यावर इंट्रॉनमधला (दोन एक्झॉनमधला, आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) पाचवा बेस. जीआरसीएच३८ वर ५२२६९२५, व्हीसीएफमध्ये "सी चा जी". प्रथिनातला एकही अमिनो आम्ल तो थेट बदलत नाही. पण इंट्रॉन कापण्याची जागा ओळखू येण्यासाठी तो बेस लागतो. तो बदलला की बहुतेक आरएनए चुकीच्या जागी कापला जातो आणि बीटा साखळी फार थोडी बनते. व्हीईपीची श्रेणी? लो. म्हणजे वरच्या गाळणीत भारतातला सर्वाधिक आढळणारा बदलच बाद होतो.

तो आणखी एका ठिकाणी हरवतो. पॅनलची (निवडक जनुकांच्या चाचणीची) बेड फाइल एक्झॉनच्या नेमक्या कडांपर्यंत बनवली, तर त्यापलीकडचा पाचवा बेस शोधलाच जात नाही. रीड्स तिथे असतात, बॅम फाइलमध्ये (जुळवलेल्या रीड्सची फाइल) डोळ्यांनी दिसतात, पण कॉलरला (बदल शोधणाऱ्या प्रोग्रॅमला) तिकडे पाहायला सांगितलेलंच नसतं. दोन्ही बाजूंना किमान २० बेसचा समास द्या. आणि श्रेणी कोणतीही असो, क्लिनव्हारमध्ये (कोणता बदल रोगकारक याच्या खुल्या डेटाबेसमध्ये) रोगकारक म्हणून नोंद असलेला बदल गाळणीत टिकलाच पाहिजे, अशी अट वेगळी लिहा.

रानवाटा

निळीशाई यांच्या प्रतिसादाला एक जोड. वारंवारितेच्या गाळणीचंही तेच होतं. "कुठल्याही लोकसमूहात १ टक्क्यापेक्षा जास्त आढळणारा बदल टाकून द्या" ही अट दुर्मिळ आजारांसाठी सर्रास लावतात. आरएस३३४ त्यात उडतो, कारण आफ्रिकी समूहांत तो ४ टक्क्यांच्या वर आहे. आपल्याकडच्या काही आदिवासी समूहांत वाहकांचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षाही जास्त आहे. मलेरियापासून वाहकाला संरक्षण मिळतं, म्हणून तो इतका टिकला. प्रमाण जास्त म्हणजे निरुपद्रवी, हा नियम अशा ठिकाणी लागू पडत नाही.

उलट बाजूही आहे. १००० जीनोम्स प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत : ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ आणि तेलुगू. मराठी भाषकांचा गट नाही, भारतातला एकही आदिवासी समूह नाही. "दक्षिण आशियात हा बदल दिसत नाही" असं त्या संचावरून म्हणणं म्हणजे धुळ्याचा पाऊस लंडनमध्ये मोजण्यासारखं आहे. आपल्यासाठी जीनोमइंडियाची माहिती महत्त्वाची : ८३ लोकसमूह, १०,००० जीनोम, जानेवारी २०२५ पासून फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये अर्ज करून मिळते. त्याआधीचा दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेचा इंडिजेन संच १०२९ जणांचा.

दगडीपूल

@रानवाटा, अगदी. त्यावरच एक सराव सुचवतो. १००० जीनोम्सच्या दोन व्हीसीएफ उतरवून घ्या, फक्त ११व्या गुणसूत्राच्या. एक तिसऱ्या टप्प्याची, २५०४ जणांची, जीआरसीएच३७ वर. दुसरी नंतरची ३० पट डेप्थची (प्रत्येक जागा सरासरी तेवढ्या रीड्सनी वाचलेली), ३२०२ जणांची, जीआरसीएच३८ वर. दोन्हींतून आरएस३३४ चे वाहक काढा आणि सामाईक माणसांचं उत्तर जुळतं का ते पाहा. स्थान वेगळं, गुणसूत्राचं नाव वेगळं, म्हणजे वर सांगितलेल्या अडचणी हाताखालून जातील. बीसीएफटूल्सच्या चार ओळी पुरतात. मुलाखतीत दाखवायला हे एखाद्या मोठ्या मशीन लर्निंग प्रकल्पापेक्षा उपयोगी, कारण समोरचा प्रत्येक ओळीवर "का?" विचारू शकतो.

फास्टक्यूपासून सराव करायचा तर एक पथ्य. संगणक लहान आहे म्हणून संदर्भात फक्त ११वं गुणसूत्र ठेवू नका. बाकी जीनोममधून आलेले रीड्स जागा नसल्यामुळे त्यावर जबरदस्तीने बसतात आणि खोटे बदल दिसतात. जुळवणी पूर्ण जीनोमवर करा, मग हवा तो भाग कापून घ्या. मानवी जीनोमसाठी बीडब्ल्यूए-मेमला ६ जीबीच्या आसपास मेमरी लागते, १६ जीबीचा लॅपटॉप चालतो. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय). आरएनएच्या जुळवणीला स्टार घेतलंत तर मात्र ३० जीबी लागते, तिथे सॅमन वापरा.

कळफलक

खूप स्पष्ट झालं. एक शंका : कॉलरला काही सापडलं नाही, पण आजार तर आहे, अशा वेळी पहिल्यांदा काय पाहायचं?

निळीशाई

पहिल्यांदा डेप्थ. पालकांपैकी एकाकडून आलेला बदल निम्म्या रीड्समध्ये दिसायला हवा. त्या जागी फक्त ८ रीड्स असतील, तर बदल असलेले रीड शून्य किंवा एकच मिळण्याची शक्यता २५६ मध्ये ९, म्हणजे साडेतीन टक्के. २० रीड्स असतील तर हीच शक्यता लाखात २. म्हणून २० ची अट घालतात. सरासरी डेप्थ १०० आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तुमच्या एक्झॉनवर किती आहे ते पाहा. आणि तिथे डेप्थ पुरेशी नसेल, तर "बदल नाही" असं लिहायचं नाही, "तपासता आलं नाही" असं लिहायचं.

दुसऱ्यांदा, कॉलरच्या आवाक्याबाहेरचे बदल. सिंधी आणि गुजराती कुटुंबांत ६१९ बेसचं डिलिशन (गळून गेलेला तुकडा) नेहमी सापडतं. जनुकाचा शेवटचा भाग, तिसऱ्या एक्झॉनसकट, गायब. छोटे बदल शोधणारे कॉलर एवढं मोठं डिलिशन सहसा पकडत नाहीत. बाळाला थॅलेसेमिया मेजर आहे, एका बाजूचा आयव्हीएस १-५ सापडला, दुसरा बदल काही मिळत नाही, अशा वेळी हा संशय आधी घ्या. आयजीव्हीमध्ये (रीड्स डोळ्यांनी पाहायचं सॉफ्टवेअर) ती जागा उघडली की तिसऱ्या एक्झॉनवर डेप्थ शेजारच्या निम्म्यावर आलेली दिसते, आणि डिलिशनच्या दोन्ही टोकांना रीड्स अर्धवट जुळून तुटलेले असतात. खात्री गॅप-पीसीआरने (ठरावीक डिलिशन शोधणारी लॅबमधली चाचणी) करायची.

याचीच दुसरी खूण : डिलिशनच्या भागात एखादा बदल दोन्ही प्रतींत असल्यासारखा दिसतो, पण आईवडिलांपैकी एकाकडे तो मुळीच नसतो. पहिला विचार नमुने अदलाबदल झाल्याचा येतो. तीही शक्यता तपासाच, पण आधी डेप्थ पाहा.

अल्फा थॅलेसेमियात आणखी वेगळं. एचबीए१ आणि एचबीए२ ही दोन जनुकं जवळजवळ सारखीच. रीड नेमका कुठला हे जुळवणीला ठरवता येत नाही, ती मॅपिंग क्वालिटी शून्य देते, आणि कॉलर असे रीड्स बाजूला टाकतो. तिथे सॉफ्टवेअर बदलून फार उपयोग नाही, चाचणीच वेगळी लागते, एमएलपीए (जनुकाच्या प्रती मोजणारी) किंवा गॅप-पीसीआर.

तांबडमाती

लॅबच्या बाजूने लिहितो, कारण संगणकावर बसणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

तुमच्याकडे व्हीसीएफसोबत एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी रक्तचाचणी) आकडा येतो. एचबीए२ (इथे वरचं जनुक नव्हे, हिमोग्लोबिन ए२ हा प्रकार) साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याचा संशय. पण लोहाची कमतरता असेल तर एचबीए२ खाली येतं, आणि वाहक सामान्य दिसू शकतो. म्हणून फेरिटिनचा, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचा, आकडा मागवा. दुसरं, नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर एचपीएलसीत दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं आणि तो अहवाल दिशाभूल करतो. डीएनए पांढऱ्या पेशींतून येतो, त्यामुळे तुमचं उत्तर बहुधा रुग्णाचंच असतं. दोन्ही उत्तरं जुळत नाहीत म्हणून पायपलाइनवर शंका घेण्याआधी शेवटचं रक्त कधी चढवलं ते विचारा. नमुन्याच्या अर्जात या तारखेसाठी रकाना नसेल, तर तो घालून घेणं हे बायोइन्फर्मेटिक्सवाल्याचंच काम समजा.

आणि सिकलसेलची तीव्रता एचबीबीवरून ठरवू नका. आपल्याकडे तो बदल बहुतेकदा अरब-इंडियन हॅप्लोटाइपवर (एकत्र वारशाने येणाऱ्या बदलांचा संच) असतो, त्यात एचबीएफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) जास्त राहतं. ते पाहिल्याशिवाय अहवालात "तीव्र" हा शब्द येता कामा नये.

पाटीपेन्सिल

आरोग्य नोंदींच्या बाजूला यायचं असेल तर तीही मोठी वाट आहे, आणि कॉम्प्युटरवाल्यांना तिथे लवकर पाय रोवता येतात. हिमोग्लोबिन एका रुग्णालयात ९.५ लिहिलेलं, दुसऱ्यात ९५. एक ग्रॅम प्रति डेसीलिटर, दुसरं प्रति लिटर. लॉइंक या लॅब चाचण्यांच्या यादीतला संकेत (हिमोग्लोबिनचा ७१८-७) आणि एकक दोन्ही जपल्याशिवाय आकडे एकत्र करू नका. प्रत्येकाचं मानक वेगळं : आजार स्नोमेड सीटीत, लक्षणं ह्यूमन फिनोटाइप ऑन्टॉलॉजीत, देवाणघेवाण एफएचआयआरमध्ये. पुण्यात सी-डॅकमध्ये आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचं साहित्य खुलं आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचं काम एफएचआयआरवरच चालतं.

एक्सेलबद्दलही सांगून ठेवते. सेप्ट२ हे जनुकाचं नाव एक्सेल २ सप्टेंबर करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली, सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं. जुन्या याद्यांत तारखा अजून सापडतात. यादी टेक्स्ट म्हणूनच उघडा.

गाभारा

वाचतोय, फार मोलाचं. नोकरीच्या दृष्टीने नेमकी कामं कोणती असतात? आणि एमएस्सी आवश्यक आहे का?

दगडीपूल

@गाभारा, ढोबळ चार. एक, व्हेरियंट विश्लेषक : जेनेटिक्स लॅबमध्ये बदल वाचून एसीएमजी या अमेरिकन वैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या २०१५ च्या निकषांनुसार रोगकारक ते निरुपद्रवी अशा पाच गटांत टाकणं, अहवालाचा मसुदा लिहिणं. इथे जीवशास्त्राचं पारडं जड, एमएस्सी साधारणपणे मागतातच. दोन, पायपलाइन अभियंता : नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेक, डॉकर, क्लाउड. इथे बीई चालतं. तीन, औषध कंपन्यांत आणि कर्करोग संशोधनात आरएनए व बायोमार्करचं विश्लेषण, म्हणजे आर आणि संख्याशास्त्र. चार, पाटीपेन्सिल यांनी सांगितलेलं आरोग्य माहितीचं काम.

तिसऱ्यासाठी एक सूचना. डीइसेक२ ला (आरएनएच्या प्रमाणातला फरक शोधणारं आरमधलं पॅकेज) कच्चे काउंट्स, म्हणजे रीड्सची संख्या, द्यायचे असतात, टीपीएम (प्रमाणात बसवलेले आकडे) नाही. आणि सगळे रुग्ण एका दिवशी, सगळे निरोगी दुसऱ्या दिवशी अशी लायब्ररी (यंत्रात वाचण्यासाठी तयार केलेले नमुने) बनवली असेल, तर फरक आजाराचा की दिवसाचा हे कुठल्याही सूत्राने वेगळं करता येत नाही. प्रयोग ठरतानाच तिथे बसायला हवं.

शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स केंद्र देशातल्या जुन्या केंद्रांपैकी आहे. प्रकल्पासाठी आयसर पुणे, खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, आणि हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी परळला केईएमच्या आवारातली आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. मार्गदर्शकाला पत्र लिहिताना "मला रस आहे" एवढं पुरत नाही. सरावाची गिटहबची लिंक आणि त्यातून पडलेला एक प्रश्न, एवढं पाठवा.

निळीशाई

लॅबमध्ये रुजू होणाऱ्यांसाठी : एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता आयएसओ १५१८९ या मानकावर असते, म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरची आणि डेटाबेसची आवृत्ती अहवालात नोंदवावी लागते. क्लिनव्हार सतत बदलतं. गेल्या वर्षी अर्थ अनिश्चित असलेला बदल आज रोगकारक ठरू शकतो. पायपलाइनमध्ये एक आकडा बदलला तरी जीनोम इन अ बॉटलच्या एचजी००२ नमुन्यावर (यातले खरे बदल आधीच माहीत आहेत) पुन्हा चालवून हॅप डॉट पाय या प्रोग्रॅमने तुलना करायची. पण त्या नमुन्यात ६१९ चं डिलिशन किंवा आयव्हीएस १-५ नाही, म्हणून आपल्याकडचे माहीत असलेले नमुनेही सोबत चालवायचे.

रुग्णाची व्हीसीएफ कुठल्याही खुल्या संकेतस्थळावर किंवा चॅटबॉटमध्ये टाकू नका. नाव काढलं तरी जीनोम माणसाला ओळखू देतो, आणि त्याच्या भावंडांनाही. संमतिपत्रात जेवढं लिहिलंय तेवढंच करायचं, आयसीएमआरची २०१७ ची नियमावली त्यासाठी वाचाच.

कळफलक

शेवटची शंका. सराव करताना कोडॉन (तीन बेसचा गट) ४१/४२ चं टीटीसीटी डिलिशन क्लिनव्हारमध्ये शोधलं. जुन्या पेपरात सी.१२४_१२७ आहे, क्लिनव्हारमध्ये सी.१२६_१२९ डेल सीटीटीटी. दोन वेगळे बदल आहेत का?

दगडीपूल

एकच. तिथला क्रम जीजी टीटीसीटीटीटी जीएजी असा आहे. त्यातून टीटीसीटी काढा किंवा सीटीटीटी काढा, उरतं जीजीटीटीजीएजी. कागदावर लिहून पाहा. एचजीव्हीएसचा नियम असा की जनुकाच्या दिशेने जितकं पुढे सरकवता येईल तितकं सरकवून लिहायचं, म्हणून १२६_१२९. व्हीसीएफचा नियम संदर्भावर डावीकडे सरकवण्याचा. एचबीबी उलट्या धाग्यावर असल्यामुळे इथे दोन्ही नियम एकाच जागी येतात. सुलट धाग्यावरच्या जनुकात ते विरुद्ध टोकांना जातात, आणि तिथे नुसतं स्थान जुळवून शोधलं तर नोंद सापडत नाही. बीसीएफटूल्स नॉर्म आधी चालवा, मग शोधा.